अक्षर की बाइट? पायथॉन २ पासून पायथॉन ३ पर्यंतची अकरा वर्षं

२०१२ सालची गोष्ट. एका दिवाळी अंकाच्या वर्गणीदारांच्या पत्त्यांची लेबलं छापायची होती. प्रोग्रॅम माझा, पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या २.७ या आवृत्तीत लिहिलेला. वर्षभर तो पार्सलांच्या लेबलांसाठी चालत होता आणि एकदाही अडखळला नव्हता. त्या दिवशी पहिली काही पानं सुरळीत निघाली आणि मग पडद्यावर एरर आली, युनिकोडडिकोडएरर. तिचा अर्थ एवढाच की २२४ क्रमांकाचा बाइट (बाइट म्हणजे संगणकातली साठवणीची एक छोटी जागा, ० ते २५५ पैकी एक आकडा मावेल एवढी) अ‍ॅस्कीच्या तक्त्यात, म्हणजे इंग्रजी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जुन्या यादीत, बसत नाही. यादी उघडून पाहिली, तर त्या ओळीतल्या बाईंनी आपलं नाव देवनागरीत भरलं होतं. त्यांच्या आधीच्या सगळ्यांनी रोमन लिपीत.

एरर आली तिथे मी एक दुरुस्ती केली. एरर पुढच्या फंक्शनमध्ये गेली. तिथे दुरुस्त केली, तर फाइल लिहिताना पुन्हा उभी राहिली. यात दोन दिवस गेले. मराठी माणसाने मराठी अंकासाठी चालवलेला प्रोग्रॅम मराठी नावापाशी मोडतो, हे मला फार लागलं. तोवर पायथॉन ३ येऊन चार वर्षं होत आली होती, आणि इतर गोष्टींबरोबर नेमका हाच दोष काढायला ती आली होती. तरीही मी आणि माझ्या ओळखीतले बहुतेक सगळे जुन्या आवृत्तीवरच होतो. चांगली, फुकट मिळणारी, दुखणं बरं करणारी आवृत्ती समोर असताना लोक वर्षानुवर्षं का हलले नाहीत आणि शेवटी कशाने हलले, ते इथे मांडतो.

दोष नेमका कुठे होता

खिदो फान रोसम या डच प्रोग्रॅमरने ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत १९८९ च्या डिसेंबरात पायथॉन लिहायला घेतली. पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९१ मध्ये लोकांपुढे आली. जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना एकेक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाचा पहिला खंड त्यानंतर, म्हणजे ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. (त्यात देवनागरी होती, आणि तिची मांडणी आपल्याकडच्या इस्की या प्रमाणावर बेतलेली होती.) म्हणजे पायथॉनमधली मजकुराची कल्पना युनिकोडच्या आधीची. तेव्हा स्ट्रिंग (प्रोग्रॅममध्ये मजकूर ठेवण्याचा प्रकार) म्हणजे बाइटांची माळ, आणि एक बाइट म्हणजे एक अक्षर, असंच समीकरण होतं. इंग्रजीसाठी ते खरंही होतं.

पुढे २००० साली पायथॉन २.० आली, तोवर युनिकोडशिवाय भागणार नाही हे उघड झालं होतं. जुना प्रकार बदलला तर सगळ्या जगाचा कोड मोडणार. म्हणून पायथॉनकर्त्यांनी शेजारी दुसरा प्रकार बसवला. साध्या अवतरणचिन्हांत लिहिलं तर बाइटांची जुनी स्ट्रिंग, आणि अवतरणचिन्हाआधी 'यू' हे अक्षर लावलं तर युनिकोड मजकूर. दोन्हींची सरमिसळ झालीच, तर पायथॉन न विचारता बाइटांचं अ‍ॅस्कीप्रमाणे रूपांतर करून घेई. हे करताना हेतू चांगलाच होता, लिहिणाऱ्याला त्रास होऊ नये हा.

खरा घात या सौजन्याने केला. अ‍ॅस्कीत ० ते १२७ एवढेच क्रमांक. स्ट्रिंगमध्ये फक्त इंग्रजी अक्षरं असतील तर गुपचूप रूपांतर नेहमी यशस्वी होतं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडचे क्रमांक बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो, त्यामुळे पहिलं मराठी चिन्ह आलं की रूपांतर तिथेच मोडतं. चूक कोडमध्ये असते पण ती दिसते मजकुरावर अवलंबून. चाचणी करणाऱ्याने चाचणीत रोमन नावं टाकली, सगळं हिरवं. प्रोग्रॅम गिऱ्हाइकाकडे गेला, तिथे कुणी 'देशपांडे' लिहिलं आणि तो पडला. माझ्या लेबलांचं हेच झालं होतं. कोड वर्षभर चुकीचाच होता. त्या बाईंचं नाव येईपर्यंत मला ते कळायला मार्ग नव्हता.

जिथे एरर येत नसे तिथेही गडबड असे. पायथॉन २ मध्ये साध्या अवतरणचिन्हांत 'मराठी' लिहून लांबी विचारली, तर उत्तर १५. प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट, म्हणून. लेबलावर जागा कमी म्हणून नाव दहा बाइटांवर कापलं, तर तीन चिन्हं पूर्ण आणि चौथ्याचा तिसरा हिस्सा उरायचा, आणि प्रिंटरवर त्या तुकड्याच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह यायचं. पायथॉन ३ मध्ये त्याच शब्दाची लांबी ५ येते: म, र, काना, ठ, वेलांटी. आपण मोजू तेव्हा ती तीनच अक्षरं, म, रा, ठी. म्हणजे पायथॉन ३ नेही आपला हिशोब पूर्ण केलेला नाही, पण निदान ती चिन्हांच्या पातळीवर तरी बोलते.

एकदाच सगळं मोडायचं ठरलं

स्ट्रिंगखेरीजही जुने सल बरेच होते. ७ भागिले २ केलं की पायथॉन २ उत्तर देई ३, कारण दोन्ही संख्या पूर्णांक. ज्याने शाळेत भागाकार शिकला आहे त्याला हे पटवणं अवघड, आणि सरासरी काढणाऱ्या कितीतरी प्रोग्रॅमांत ही चूक लपून बसलेली असे. 'प्रिंट' ही पडद्यावर मजकूर दाखवणारी आज्ञा फंक्शन नसून खास वाक्यरचना होती, कंस न लागणारी. क्लासचे जुने आणि नवे असे दोन प्रकार होते. एकेक गोष्ट सुटी सुटी मोडण्याऐवजी सगळ्यांसाठी एकदाच एक मोठी तोडफोड करावी असं ठरलं. त्या कल्पनेला आधी 'पायथॉन ३०००' म्हणत. २००६ पासून कामाने वेग घेतला आणि ३ डिसेंबर २००८ रोजी पायथॉन ३.० बाहेर पडली.

तिच्यात अवतरणचिन्हांतला मजकूर म्हणजे युनिकोड, बस्स. बाइट हवे असतील तर आधी 'बी' लावा. दोन्ही मिसळायचा प्रयत्न केला तर लगेच, दर वेळी, नाव रोमन असो की मराठी, एरर. मला विचाराल तर पूर्ण बदलाचं सार या एका निर्णयात आहे. मजकुरावर अवलंबून असलेली चूक त्यांनी कोडवर अवलंबून असलेली केली, म्हणजे लिहिणाऱ्याच्या टेबलावरच ती सापडावी. सोबत व्हेरिएबलची, म्हणजे प्रोग्रॅममध्ये मूल्यं ठेवण्याच्या जागांची, नावंही देवनागरीत ठेवता येऊ लागली. नाव, किंमत, एकूण अशी नावं देऊन मी शाळेतल्या मुलांना प्रोग्रॅम लिहून दाखवले आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरचा फरक पाहिल्यापासून या बदलाच्या बाजूने मी ठाम आहे.

जुन्या आवृत्तीसाठी योजनाही होती. संक्रमणासाठी २.६ ही आवृत्ती ३.० च्या दोनच महिने आधी आली. कोड तिच्यावर आणा, ती ज्या जागांवर इशारे देईल त्या दुरुस्त करा, आणि मग 'टू-टू-थ्री' नावाच्या साधनातून कोड काढा. ते जुना कोड वाचून नवा लिहून देईल. पाचेक वर्षांत नवे प्रकल्प आपोआप ३ वर सुरू होतील असा अंदाज होता.

योजना कुठे अडली

हे साधन 'प्रिंट'ला कंस लावून देई आणि बदललेली नावं सुधारून देई, आणि ते काम चोख करी. पण एखादी स्ट्रिंग मजकूर आहे की बाइट, हे त्याला ठरवता येईना, आणि येणारही नव्हतं. ती माहिती जुन्या कोडमध्ये कुठे लिहिलेलीच नव्हती. ती लिहिणाऱ्याच्या डोक्यात होती, तीही बहुधा धूसर. माझ्याच लेबलांच्या प्रोग्रॅममध्ये एक व्हेरिएबल फाइलमधून येताना बाइट होतं, डेटाबेसमधून येताना युनिकोड, आणि पुढचं फंक्शन दोन्ही घेत होतं. असा कोड कुठलं साधन उलगडणार? आपण काय लिहिलं होतं ते माणसानेच बसून, ओळ ओळ वाचून ठरवायला हवं होतं.

दुसरी अडचण व्यवहाराची. लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये वापरावा असा तयार कोड, लिहिणाऱ्याला दोन्हीकडची गिऱ्हाइकं सांभाळायची असतात. योजनेप्रमाणे त्याने कोड २ मध्ये ठेवायचा आणि दर वेळी यंत्राकडून ३ चा करून घ्यायचा. मग ३ वापरणाऱ्याने चूक कळवली की ती यंत्राने लिहिलेल्या, आपण कधीच न पाहिलेल्या ओळीत असे. कुणालाही हे फार दिवस झेपत नाही.

तिसरी अडचण सर्वांत मोठी होती, आणि ती कुणाच्या आळसाची नव्हती. एक प्रोग्रॅम एकतर पूर्ण २ वर चालतो किंवा पूर्ण ३ वर. अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे, असं करता येत नाही. माझा प्रोग्रॅम पाच लायब्रऱ्यांवर उभा, त्या पाच आणखी वीसांवर. त्यातली एक जरी ३ वर आली नाही तर मला जागचं हलता येत नाही. लायब्ररीवाला म्हणे, वापरणारे तर सगळे २ वर आहेत, मी ३ साठी का खपू? वापरणारा म्हणे, लायब्ररीच नाही, मी जाऊ कसा? आकडेमोडीची नमपाय ही लायब्ररी ३ साठी २०१० मध्येच तयार झाली. जँगो या वेब फ्रेमवर्कने मात्र प्रायोगिक म्हणून ३ ला हात घातला तो २०१३ च्या सुरुवातीला, आणि भरवशाने वापरता येईल अशी आवृत्ती दिली त्याच वर्षाच्या अखेरीस. म्हणजे २०१२ साली जँगोवर वेबसाइट चालवणाऱ्याला 'तू अजून २ वर का?' असं विचारण्यात अर्थच नव्हता.

वर, सुरुवातीच्या ३ मध्ये लोकांना ओढून घेईल असं फारसं काही नव्हतं. ३.० मध्ये फाइल वाचणं आणि लिहिणं इतकं मंद होतं की ३.१ साठी तो भाग पुन्हा सी भाषेत लिहावा लागला. २००९ मध्ये एखाद्या टीमलीडला व्यवस्थापकापुढे जाऊन सांगावं लागे, "सर, तीन महिने द्या, नंतर प्रोग्रॅम आज चालतो तसाच चालेल, कदाचित थोडा हळू." परवानगी कोण देणार?

या ठिकाणी मला नेहमी मराठी शुद्धलेखन आठवतं. १९६२ साली साहित्य महामंडळाचे १४ नियम सरकारने मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ जमा झाले. 'नांव'चं 'नाव' झालं, 'पांच'चं 'पाच', 'कांहीं'चं 'काही'. माझे आजोबा शेवटपर्यंत अनुस्वार देत राहिले, माझ्या आईने शाळेत नवे नियम गिरवले, आणि एकाच घरात दोघांची पत्रं एकाच डब्यात राहिली. आजोबांचं पत्र वाचताना आई कधी थांबली नाही. माणसांची भाषा अशी बदलू शकते, कारण वाचणारा जुनं आणि नवं दोन्ही एका दमात वाचतो. पायथॉन ३ चा इंटरप्रिटर, म्हणजे कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, जुन्या पद्धतीचा एक 'प्रिंट' दिसला की पुढची पाचशे पानं वाचायलाच नकार देतो. प्रोग्रॅमिंगच्या भाषेलाही आजोबा असतात, आणि त्यांची पत्रं रोज चालवावी लागतात: पगाराचे हिशोब, बँकांचे रात्रीचे प्रोग्रॅम, शास्त्रज्ञांनी दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं गणित.

मग 'फ्युचर' का पुरलं नाही

जाणकार वाचक इथे मला अडवेल. पायथॉनकडे यावर आधीपासून एक छान उपाय होता. फाइलच्या माथ्यावर 'फ्युचर'मधून एखादा नियम आयात केला की त्या फाइलपुरता भविष्यातला नियम लागू होई. भागाकाराचा बदल याच मार्गाने २००१ च्या २.२ पासून हळूहळू आणला होता, आणि त्यावरून फारसा गदारोळ झाला नाही. स्ट्रिंगचंही तसंच का केलं नाही?

केलं होतं. २.६ मध्ये तसा नियम होता, साधी अवतरणचिन्हं युनिकोड मानणारा. मीही तो वापरून पाहिला आणि पस्तावलो. भागाकार ही एका ओळीत घडून संपणारी क्रिया आहे. माझ्या फाइलीत ७ भागिले २ साडेतीन आले आणि शेजारच्या फाइलीत ३, तरी दोघांचं आपापलं चालतं. स्ट्रिंग मात्र प्रवास करते. माझ्या फाइलीत ती युनिकोड म्हणून जन्मली, चार लायब्रऱ्यांतून फिरली, आणि बाइटांची सवय असलेल्या एखाद्या जुन्या फंक्शनपाशी जाऊन मोडली. नियम फाइलीपुरता होता, मूल्य फाइलीत थांबत नव्हतं.

रस्ट भाषेने पुढे 'एडिशन' काढल्या, २०१५ ची, २०१८ ची, २०२१ ची. वेगवेगळ्या एडिशनांतल्या लायब्रऱ्या तिथे एकाच प्रोग्रॅममध्ये गुण्यागोविंदाने नांदतात. पायथॉनने हे करायला हवं होतं असं अनेक जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. रस्टच्या एडिशन लिखाणाच्या पातळीवरच्या गोष्टी बदलतात, सगळ्यांमध्ये वाहणारा स्ट्रिंगचा प्रकार बदलत नाहीत. प्रिंट, भागाकार, नावं एवढंच असतं तर पायथॉनलाही तो मार्ग चालला असता. मजकुराचा अर्थच बदलायचा, तर कुठेतरी मोडणं भागच होतं. माझी तक्रार वेगळी आहे. अटळ तोडफोडीच्या गाठोड्यात टाळता येण्यासारखी तोडफोडही बांधली, आणि दोघांचा भार एकाच वेळी लोकांच्या डोक्यावर आला. 'प्रिंट'ला कंस लावण्याचं काम क्षुल्लक, पण पहिल्या मिनिटाला एरर देणारी गोष्ट तीच होती. किती जण तिथूनच परत फिरले असतील.

वाट लोकांनी काढली

अधिकृत वाट सोडून लायब्ररीवाल्यांनी स्वतःची पायवाट पाडली. दोन्ही भाषांना समान असलेला भाग शोधायचा आणि त्या समान भागात एकच कोड लिहायचा, जो रूपांतराशिवाय २ वरही चालेल आणि ३ वरही. बेंजामिन पीटरसन यांनी त्यासाठी 'सिक्स' नावाची छोटी लायब्ररी लिहिली. नावाचा हिशोब साधा: दोन गुणिले तीन. दोन्हींतले फरक ती आपल्या पोटात घेई आणि लिहिणाऱ्याला एकच नाव देई. हेच पीटरसन २.७ च्या आवृत्त्यांची जबाबदारी सांभाळत होते.

या पायवाटेत एक मोठा दगड होता. युनिकोड मजकुरासाठी २ मध्ये लागणारा 'यू' ३.० मध्ये काढून टाकला होता. ३ मध्ये सगळाच मजकूर युनिकोड, मग 'यू' कशाला? तर्क बिनचूक. पण त्यामुळे २ मध्ये ज्यांनी नीट, काळजीपूर्वक 'यू' लावून लिहिलं होतं, त्यांचाच कोड ३ मध्ये वाक्यरचनेची चूक ठरू लागला. चांगलं वागणाऱ्यालाच शिक्षा. वेबसाठी बऱ्याच लायब्रऱ्या लिहिलेले आर्मिन रोनाकर यांनी ४१४ क्रमांकाचा प्रस्ताव मांडला: 'यू' परत द्या. तो काही करणार नाही, नुसता चालेल. सप्टेंबर २०१२ मधल्या ३.३ मध्ये तो परत आला.

पूर्ण प्रकरणात माझ्या मते वळण आलं ते इथे. नव्या भाषेने जुन्यातलं एक निरुपयोगी अक्षर मुद्दाम परत घेतलं, आणि रहदारी सुरू झाली. ज्यांनी शुद्ध, नीटनेटकी भाषा घडवण्यासाठी इतकी वर्षं घालवली, त्यांनी आपल्या हाताने तिच्यात एक अनावश्यक खूण ठेवली. याला मोठं मन लागतं. पुढे २०१५ च्या ३.५ मध्ये बाइटांवर टक्केचिन्हाने साचे भरण्याची जुनी सोयही परत आली. नेटवर्कचे प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांना तिच्याविना हात बांधल्यासारखे झाले होते.

दुसऱ्या बाजूने जुन्याची दारं मिटत होती. २.७ ही आवृत्ती जुलै २०१० मध्ये आली आणि तीच शेवटची असं जाहीर झालं. कुणी २.८ मागू नये म्हणून तसा प्रस्तावच लिहून ठेवला गेला, आणि त्याला क्रमांक दिला ४०४. त्याआधी दोन वर्षं भाषेची वाक्यरचना गोठवूनही ठेवली होती, म्हणजे मागे राहिलेल्यांना गाठता यावं. पाठिंबा २०१५ मध्ये संपायचा होता. २०१४ मध्ये तो २०२० पर्यंत वाढवला. तेव्हा मला हा कमकुवतपणा वाटला होता. आज वाटत नाही. हॉस्पिटलं, प्रयोगशाळा, सरकारी कार्यालयं एवढ्यात हलणार नव्हती हे उघड दिसत असताना त्यांना असुरक्षित सॉफ्टवेअरवर सोडून देणं बरोबर झालं नसतं. २.७ मध्ये सुरक्षित जोडणीच्या सुधारणा ३ मधून मागे आणून घातल्या गेल्या, तेही याच काळात.

आणि मग ३ मध्ये ओढ निर्माण झाली. ३.४ मध्ये वाट पाहावी लागणारी अनेक कामं एकत्र हाताळणारं असिंकआयओ, ३.५ मध्ये कुठे कुठल्या प्रकारचं मूल्य येणार ते लिहून ठेवायच्या खुणा, ३.६ मध्ये मजकुरात थेट व्हेरिएबल घालता येणाऱ्या एफ-स्ट्रिंग. माझ्या हाताखालच्या मुलांनी एफ-स्ट्रिंगसाठी ३ चा हट्ट धरला, युनिकोडसाठी नाही. मला थोडं वाईट वाटलं, पण माणसं अशीच हलतात.

मोठ्यांचे अनुभव

इन्स्टाग्रामचा अख्खा वेब सर्व्हर जँगो आणि पायथॉन २.७ वर होता. त्यांनी सुमारे दहा महिन्यांत तो ३ वर नेला आणि २०१७ च्या पायकॉन परिषदेत त्याचा वृत्तांत सांगितला. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: त्यांनी वेगळी शाखा, म्हणजे कोडची स्वतंत्र प्रत, काढली नाही. रोज शेकडो लोक ज्या मुख्य कोडमध्ये काम करत होते, तोच कोड हळूहळू दोन्हीवर चालेल असा केला, आणि मग सर्व्हर ३ कडे वळवत नेले. वेगळी शाखा काढली की मूळ कोड रोज पुढे पळतो आणि शाखा कायम मागेच राहते, हे ज्याने एकदा भोगलं आहे तो पुन्हा त्या वाटेला जात नाही.

फाइली इंटरनेटवर साठवून देणाऱ्या ड्रॉपबॉक्स कंपनीत तर २०१३ पासून खुद्द खिदो नोकरीला होते. तिथल्या डेस्कटॉप अ‍ॅपचं स्थलांतरही २०१८ पर्यंत चाललं. भाषेचा निर्माता शेजारच्या टेबलावर बसला म्हणून काम लहान होत नाही.

मर्क्युरियलची कहाणी सर्वांत बोलकी. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं हे सॉफ्टवेअर फाइलींचा ऐवज आणि त्यांची नावं शब्दशः बाइट म्हणून जपतं, आणि तेच त्याचं काम आहे. त्याच्यासाठी मजकूर म्हणजे बाइट हे जुनं समीकरणच योग्य होतं. युनिक्सवर फाइलचं नाव युनिकोड असेलच अशी कुठे हमी नसते. ३ ने ठरवलं की मुळात सगळं मजकूर, आणि या मंडळींना हजारो ठिकाणी 'बी' लावत बसावं लागलं. ३ वर चालणारी त्यांची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २०१९ मध्ये आली, पायथॉन ३ च्या जन्मानंतर जवळपास अकरा वर्षांनी. माझ्या मराठी नावांसाठी जो बदल वरदान होता, त्याची किंमत त्यांनी भरली. बदलाच्या बाजूने बोलताना मी हे विसरू नये म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

१ जानेवारी २०२० रोजी पायथॉन २ ची देखभाल थांबली आणि २० एप्रिलला २.७.१८ ही शेवटची आवृत्ती निघाली. तेव्हाही सगळे पोचले नव्हते. मॅकओएसमधून पायथॉन २.७ गेली ती २०२२ च्या मार्चमध्ये.

तरी इतरांच्या तुलनेत पायथॉन पोचली म्हणायची. वेबसाइटसाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी या भाषेनेही सहाव्या आवृत्तीत आतून युनिकोडवर जायचं ठरवलं होतं. तो प्रयत्न २०१० मध्ये सोडून द्यावा लागला आणि सहा हा आकडा गाळून २०१५ मध्ये थेट सातवी आली. पर्ल या दुसऱ्या एका भाषेच्या सहाव्या आवृत्तीची घोषणा २००० साली झाली होती. ती २०१५ मध्ये तयार झाली तेव्हा ती इतकी वेगळी होती की २०१९ मध्ये तिला राकू हे स्वतंत्र नावच मिळालं.

माझा प्रोग्रॅम आणि त्यानंतरचं

लेबलांचा प्रोग्रॅम मी २०१६ मध्ये ३ वर नेला. कंस वगैरेला दहा मिनिटं लागली. उरलेला दिवसभर मी एकच प्रश्न विचारत बसलो: हे व्हेरिएबल मजकूर की बाइट? शेवटी नियम असा केला की फाइल उघडताना यूटीएफ-८ सांगायचं, आत सगळीकडे फक्त मजकूर, आणि बाहेर लिहिताना पुन्हा यूटीएफ-८. चार वर्षांपूर्वी पसरून ठेवलेल्या नऊ दुरुस्त्या मी पुसल्या. विंडोजवर आजही फाइल उघडताना यूटीएफ-८ आठवणीने सांगावं लागतं, नाहीतर पायथॉन त्या संगणकाची स्थानिक मांडणी धरते आणि मराठीची वाट लागते. ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच गृहीत धरायचं ठरलं आहे.

२०१८ च्या जुलैमध्ये खिदोंनी भाषेचा शेवटचा शब्द आपल्याकडे ठेवण्याचं पद सोडलं. निमित्त दुसऱ्याच एका वाक्यरचनेवरच्या वादाचं होतं. २०१९ पासून निवडून आलेलं पाच जणांचं मंडळ निर्णय घेतं. या मंडळासमोर २०२३ मध्ये मोठा प्रश्न आला: सॅम ग्रॉस यांचा ७०३ क्रमांकाचा प्रस्ताव. एका वेळी एकाच थ्रेडला (प्रोग्रॅममधल्या एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांपैकी एकाला) चालू देणारं पायथॉनच्या पोटातलं कुलूप काढायचं, म्हणजे अनेक कोअर (हिशोब करणारे भाग) असलेल्या संगणकाचा पूर्ण वापर होईल. फायदा मोठा, पण सी मध्ये लिहिलेल्या असंख्य लायब्रऱ्या त्या कुलपावर विसंबून आहेत. मंडळाने मान्यता देताना स्पष्ट लिहिलं की पायथॉन ३ सारखी परिस्थिती पुन्हा ओढवता कामा नये, आणि गरज पडली तर हा बदल मागे घ्यायची मोकळीकही राखून ठेवली.

ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये कुलूप नसलेली पायथॉन वेगळी, प्रायोगिक म्हणून मिळू लागली. ३.१४ मध्ये प्रायोगिक हा शिक्का निघाला, पण ती अजूनही नेहमीच्या पायथॉनच्या शेजारी, ज्याला हवी त्याने घ्यावी अशीच आहे. पायथॉनमध्ये लिहिलेला कोड दोन्हीकडे सहसा तोच चालतो. सी मध्ये लायब्ररी लिहिणाऱ्यांना मात्र पुन्हा दोन घरं सांभाळावी लागताहेत: दोन्हींसाठी वेगळी बांधणी, वेगळी चाचणी. २००९ साली ज्यांच्यावर भार पडला होता, तेच लोक आजही भार उचलत आहेत. या वेळी ते थकण्याआधी बाकीचे पोचतात का, इकडे माझं लक्ष आहे.